व इतर

नरसूबाई गड्डम, वय अडुसष्ट,
राहणार साखर पेठ, पिठाच्या गिरणीमागं.
एवढं मी भरलं
आणि पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं:
'प्रमुख भूमिका.'

"लिही की," ती म्हणाली, "आत्या."

आत्या. मोलकरीण. नायिकेची सावत्र आई.
दुसऱ्या अंकात पत्र आणून देणारी म्हातारी,
तिसऱ्या अंकात ते पत्र आपणच लिहिलं
असं कबूल करून मरणारी विधवा.
बाविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा साठीची झाली.
माझ्या बापानं, कंपनीच्या रंगभूषेवाल्यानं,
काजळाच्या काडीनं कपाळावर तीन रेघा ओढल्या,
नाकापासून ओठाच्या टोकापर्यंत दोन,
केसांत पांढरी पावडर फुंकली
तर शिंकून शिंकून
तिनं अर्धं म्हातारपण आरशावर सांडलं.

घरात तेलुगू, बोळात कन्नड, रंगमंचावर मराठी.
'घर' म्हणायला जायची, 'गर' व्हायचं.
मालक पेटती काडी तोंडापुढं धरायचे:
"म्हण, घर. काडी विझली पाहिजे."
तिच्या पहिल्या पगारातून
दोन काड्यापेट्यांचे पैसे कापले म्हणे.
हे ती हसत सांगते. मालकांचं नाव घेत नाही.

दिवसा मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
कात्री, दोरा, हजार विड्या.
रात्री ऑर्गनच्या शेजारी उभी.
पण सूर ऑर्गनचा घ्यायची नाही,
सूर पहाटेच्या गिरणीच्या भोंग्याचा.
"त्याच्यापेक्षा मोठा 'सा' कुणाकडं हाय सांग.
अख्खी पेठ एका सुरात उठायची."

पद एकच मिळायचं, पिलूतलं, चार ओळींचं.
तिसरी ओळ संपता संपता नायिकेचा प्रवेश,
टाळ्या,
आणि चौथी ओळ त्या टाळ्यांत वाहून जायची.
एकवीस वर्षं ती ओळ ती पूर्ण म्हणायची.
मी विंगेत झोपेला आलेलं पोर,
हातात पावडरचा डबा,
मला ऐकू यायची.

"पुरावा?" कारकून म्हणाला.
हँडबिलं दिली, चौदा.
गुलाबी, पिवळी, घडीवर फाटलेली.
नायकाचं नाव ठळक, नायिकेचं त्याहून ठळक,
तबला, ऑर्गन, नेपथ्य, अगदी पडदा ओढणारा शिवलिंगसुद्धा,
आणि शेवटी, शाई संपत आल्यासारखं,
'व इतर'.
"यात तुम्ही कुठं, मावशी?"
"हे काय, 'व इतर'," तिनं बोट ठेवलं,
"चौदाही ठिकाणी मीच हाय."

कारकून हसला नाही. वाईट माणूस नव्हता.
पंखा बंद होता, मे महिना होता,
फायलीवर त्याचा घाम पडत होता.
"फोटो बिटो?"

फोटो एकच.
नायिका मध्ये, मोगरा, शालू, मान तिरपी,
आणि डाव्या कडेला, चौकटीत अर्धवट शिरलेला,
तबक धरलेला एक हात.
तर्जनीला विडीच्या दोऱ्यानं पडलेला काप.
मी निळ्या पेनानं बाण काढला,
लिहिलं: अर्जदार.

कारकुनानं तो हात पाहिला.
मग टेबलावर ठेवलेला तिचा हात पाहिला.
मग शिक्का उचलला.
अर्धा कागदावर उमटला, अर्धा फोटोवर,
तबकावर, मनगटावर.

बाहेर पायऱ्यांवर ती टेकली. चष्मा पुसला.
उन्हात तिचा चेहरा नीट दिसला:
कपाळाच्या तिन्ही, ओठाकडच्या दोन्ही,
माझ्या बापानं ओढल्या तिथंच आल्यात रेघा.
फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या
त्यानं कधी काढल्या नव्हत्या.
कुठल्याच भूमिकेला लागल्या नाहीत त्या.

"चौथी ओळ म्हण की," मी म्हणालो.
तिनं चिमणीच्या दिशेनं कान दिला,
भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली.
"सूर कुणाचा घेऊ?"
समोरून एक रिक्षावाला ओरडला,
"ओ आत्या, पेठेत येताय का?"
आणि ती उठली,
भाड्याची घासाघीस करायला,
कमरेवर हात ठेवून,
'घर' असं स्वच्छ म्हणत.